चकवा, होकायंत्र आणि आप्पांचं बोट

धुळ्यात राहून रोज जळगावला नोकरीला जाणाऱ्या माणसाची एक तक्रार ठरलेली असते. सकाळी जाताना ऊन डोळ्यांवर आणि संध्याकाळी परत येताना पुन्हा डोळ्यांवरच. मी तीन वर्षं हे सोसलं आहे. पारोळा, एरंडोल, पाळधी करत जळगाव गाठेपर्यंत काचेवरची झापड खाली, आणि संध्याकाळी मुकटी यायच्या सुमारास ती परत खाली. माझा एक सहकारी उलटा, जळगावहून धुळ्याला जायचा. त्याला दोन्ही वेळा ऊन पाठीवर. एकाच महामार्गावर, एकाच पगारात हा भेदभाव का, याचं उत्तर नकाशात आहे. धुळे साधारण 20.9 उत्तर अक्षांशावर आणि जळगाव 21 वर. म्हणजे जळगाव हे धुळ्याच्या जवळजवळ नाकासमोर पूर्वेला. रेखांशात पाऊण अंशाहून थोडा जास्त फरक आहे, म्हणून जळगावात सूर्य धुळ्यापेक्षा सुमारे तीन मिनिटं आधी उगवतो.

हे मी एकदा जेवणाच्या सुट्टीत आमच्या इंटर्न मुलांना सांगितलं आणि सहज म्हणालो, "आता तुम्ही बसलात तिथून धुळं कुठल्या बाजूला आहे? बोट दाखवा." नऊ मुलं होती. बोटं जवळजवळ तितक्याच दिशांना गेली. एकाने मोबाइल काढला. एक मुलगी मात्र क्षणभर थांबली, खिडकीतून सावली कुठे पडलीय ते पाहिलं आणि बरोबर पश्चिमेला बोट केलं. ती रावेरकडची, केळीवाल्याची पोर. हुशारीचा हा प्रश्न नव्हता. बाकीची मुलंही गुणवत्ता यादीतलीच. हा सवयीचा प्रश्न होता. आणि या सवयीशी माझा डॉक्टर म्हणून काय संबंध, हे सांगायला मला आधी आमच्या गावातल्या दिवाळीच्या खेळाकडे जावं लागेल.

आमचं गाव एरंडोल तालुक्यात, गिरणेच्या अंगाला. दिवाळीत पुण्या-मुंबईची, नाशिकची सगळी भावंडं मुलाबाळांसह जमतात आणि दुसऱ्या दिवसापासून मुलं सोफ्यावर आडवी होऊन मोबाइलमध्ये शिरतात. सात-आठ वर्षांपूर्वी मी त्यावर एक उपाय काढला. स्टीलचा एक जुना डबा घेतला. त्यात एक वही, पेन्सिल आणि थोडा खाऊ घातला. तो शेतात लपवला आणि मुलांना एक चिठ्ठी दिली.

कल्पना माझी नाही. जगभर हा खेळ जिओकॅचिंग या नावाने चालतो. 2000 सालच्या 2 मे रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. तोपर्यंत सामान्य माणसाच्या यंत्राला आपली जागा सुमारे 100 मीटर इकडे-तिकडे कळायची; आता ती एकदम बरीच अचूक झाली. दुसऱ्याच दिवशी, 3 मे रोजी, ऑरेगन राज्यात डेव्ह अल्मर या गृहस्थाने रानात एक बादली ठेवली, तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले आणि लोकांना म्हटलं, शोधा. सापडली की वहीत नोंद करायची, आतली एखादी वस्तू घ्यायची आणि आपली एखादी ठेवायची. त्याही आधी, 1854 मध्ये, इंग्लंडच्या डार्टमूर माळरानावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या आडबाजूच्या जागी एक बाटली ठेवली होती. तिथवर पायी पोहोचणाऱ्याने आपलं कार्ड त्यात टाकून यायचं. तेव्हा उपग्रह नव्हते, होकायंत्र आणि पाय होते. मला हीच पद्धत जास्त आवडते.

माझी चिठ्ठी अशी होती: "जुन्या विहिरीच्या धावेवरच्या दगडापाशी उभे राहा. तिथून उत्तरेला 60 पावलं. मग पूर्वेला 80 पावलं. डबा तिथे आहे. डबा सापडला की उघडू नका. डोळे मिटा आणि जिथून निघालात त्या दगडाकडे बोट दाखवा. आता सांगा, तिथे सरळ चालत गेलात तर किती पावलं?" वाचकांनीही हे कागदावर करून पाहावं, उत्तर पुढे येईलच. (ज्यांनी मोटेची धाव पाहिली नाही त्यांच्यासाठी: मोट ओढणारे बैल विहिरीपासून ज्या उतारावर खाली जायचे ती धाव. आमच्या विहिरीला आता कठडा आणि वर जाळी आहे. नसती तर मी तिथे मुलांना फिरकूही दिलं नसतं. बिनकठड्याच्या विहिरी अपघात विभागात काय पाठवतात हे मी पुरेसं पाहिलंय.)

मोबाइल काकूंकडे जमा. हातात एक साधं होकायंत्र, तेही दुसऱ्या दिवसापासून. पहिल्या दिवशी फक्त सूर्य.

मुलं सकाळी आठला निघाली. सूर्याकडे तोंड केलं, हीच पूर्व म्हणाली, डावा हात उत्तर. आणि सगळी चुकली. कारण सूर्य नेमका पूर्वेला उगवतो तो वर्षातून दोनदाच, मार्च आणि सप्टेंबरच्या 21-23 तारखांच्या आसपास. दिवाळीत, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, आपल्याकडे तो पूर्वेपासून साधारण 16 अंश दक्षिणेला सरकून उगवतो आणि आठ वाजेपर्यंत 25 अंशांवर जातो. 80 पावलांच्या चालीत तेवढ्याने जवळपास 35 पावलांची चूक होते. मुलं शेजारच्या शेतात पोहोचली.

मग दुपारचा उपाय सांगितला. जमिनीत काठी उभी रोवायची आणि तिची सर्वात आखूड सावली केव्हा पडते ते पाहायचं. ती सावली उत्तर-दक्षिण रेषेवर असते. पण ती बाराच्या ठोक्याला येत नाही. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं आहे, जळगाव त्याच्या बरंच पश्चिमेला. त्यामुळे जळगावची खरी माध्यान्ह सरासरीने 12 वाजून 28 मिनिटांनी येते. दिवाळीच्या सुमारास 12 वाजून 11-12 मिनिटांनी आणि फेब्रुवारीत पाऊण वाजायच्या थोडी आधी. यात खानदेशची एक गंमत आहे. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात एकदा आणि जुलैच्या मध्यानंतर एकदा सूर्य अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात भर दुपारची सावली उत्तरेला पडत नाही, दक्षिणेला पडते. पावसाळ्याच्या तोंडावर सावली पाहून उत्तर ठरवणारा माणूस पुरता उलटा जाईल.

दुसऱ्या दिवशी होकायंत्र दिलं. चुंबकाची उत्तर आणि खरी उत्तर यांत जगात काही ठिकाणी 20 अंशांहून जास्त फरक असतो. आपल्या भागात तो एका अंशाच्या आतच आहे, त्यामुळे विसरला तरी चालतो. पण धाकट्या पुतण्याने ट्रॅक्टरला टेकून होकायंत्र पाहिलं आणि त्याची उत्तर गोठ्यात निघाली. लोखंडापासून लांब उभं राहायचं, हा धडा तो आता जन्मात विसरणार नाही.

मग पावलांचा घोळ. साठ पावलं कुणाची? माझी की सात वर्षांच्या पोरीची? ती डब्याच्या बरीच अलीकडे थांबून रडायला लागली. ट्युनिशियाच्या वाळवंटातल्या मुंग्यांवर 2006 मध्ये असाच प्रयोग झाला होता. या मुंग्या अन्न शोधत वेड्यावाकड्या फिरतात आणि मिळालं की सरळ रेषेत वारुळाकडे परततात. संशोधकांनी काही मुंग्यांच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून पाय लांब केले, काहींचे आखूड केले. लांब पायांच्या मुंग्या वारुळाच्या पुढे निघून गेल्या, आखूड पायांच्या अलीकडेच घुटमळल्या. म्हणजे मुंगी आपली पावलं कशीतरी मोजते. आमच्या पोरीला मी मुंगीची गोष्ट सांगितली. तिला ती फारशी पटली नाही, चकली मात्र पटली.

चिठ्ठीतला शेवटचा प्रश्न मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. डोळे मिटून निघाल्या जागेकडे बोट दाखवणं. दगड दिसत नाही, मध्ये पुरुषभर उंचीची तूर असते. मेंदूला पावलं, वळण आणि वेळ यांची बेरीज करावी लागते. ही बेरीज आपण मुद्दाम करत नाही, ती होत असते. आमचे आप्पा या प्रश्नाचे राजे होते.

आप्पा म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. सत्तरी ओलांडलेले, जन्म सगळा त्याच मातीत. मुलं अजून डोळे मिटत असताना आप्पांचं बोट दगडावर रोखलेलं असायचं. ते उजवं-डावं फारसं म्हणत नसत. "त्या उत्तरेच्या पोत्याला हात लाव," "ताट जरा उगवतीला सरकव." जेवताना काकूंना असं सांगत. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या गुगु यिमिथिर भाषेत असंच बोलतात, शरीराच्या बाजूंऐवजी दिशा वापरून. आणि ती बोलणाऱ्यांना सतत दिशांचं भान ठेवावं लागतं, असं भाषाशास्त्रज्ञांनी नोंदवलं आहे. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांनाही ते असतं. सातपुडा उत्तरेला, गिरणा, पांझरा, वाघूर शेवटी उत्तरेकडे तापीला मिळतात, तापी मावळतीला सुरतेकडे जाते. एवढं डोक्यात असलं की खानदेशात माणूस हरवत नाही. (शहरातल्या मंडळींना ईशान्य कुठे ते वास्तूवाल्यांमुळे कळतं. कारण काहीही असो, कळतं तर खरं.)

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आप्पांनी डोळे मिटले आणि बोट गावाकडे दाखवलं. जवळजवळ उलट्या बाजूला. मुलं खिदळली. आप्पाही हसले, म्हणाले, "चकवा लागला रे भो मला." मीही हसलो. तीस वर्षं डॉक्टरकी करणारा मी, तिथे उभा होतो आणि हसलो. हे लिहायला मला आवडत नाही, पण लिहितोय.

चकवा ही काही थट्टेची गोष्ट नाही. रात्री शेतातून निघालेला माणूस फिरून फिरून त्याच बांधावर येतो, घर दिसत नाही, पहाटे कळतं की आपण रात्रभर चार एकरांतच होतो. आमच्याकडे कितीतरी घरांत अशी एखादी गोष्ट सांगतात, आणि भूत-बाधा मानली नाही तरी अनुभव खोटा नसतो. 2009 मध्ये यान सौमान आणि सहकाऱ्यांनी लोकांना जर्मनीतल्या एका सपाट जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. आभाळ भरल्यावर जंगलातले लोक गोल फिरू लागले, स्वतःचीच वाट ओलांडून गेले आणि त्यांना ते समजलंही नाही. डोळे बांधून चालायला लावल्यावर तर काहींचे फेरे 20 मीटरहून लहान होते. एक पाय आखूड असतो म्हणून माणूस गोल फिरतो, ही समजूत त्यांनी तपासली. ती टिकली नाही. 'सरळ म्हणजे कुठे' याचा मेंदूतला अंदाजच प्रत्येक पावलाला थोडा थोडा सरकतो आणि बाहेरची खूण नसली की तो दुरुस्त होत नाही. म्हातारी माणसं सांगायची की चकवा लागला तर बसून राहा, तांबडं फुटू दे. डॉक्टर म्हणून मी यात काहीही बदल करणार नाही.

हा अंदाज बांधणारी यंत्रणा कानशिलांच्या मागे, मेंदूच्या खोल भागात असते. हिप्पोकॅम्पस हा समुद्रघोड्यासारखा दिसणारा भाग आणि त्याला लागून असलेला एंटोरायनल कॉर्टेक्स. 1971 मध्ये लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या ज्या उंदीर खोलीच्या विशिष्ट कोपऱ्यात गेला की उद्दीपित होत. पुढे डोकं कुठल्या दिशेला वळलं आहे ते सांगणाऱ्या पेशी मिळाल्या, आपलं आतलं होकायंत्रच म्हणा. 2005 मध्ये नॉर्वेत मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना एंटोरायनल कॉर्टेक्समध्ये जमिनीवर षटकोनी जाळी आखल्यासारख्या काम करणाऱ्या पेशी दिसल्या. 2014 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. आमच्या डब्याच्या खेळात मुलं शेतात जे करतात, त्याची यंत्रसामग्री ही.

आणि ही यंत्रसामग्री वापराने बदलते. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी सुमारे 25 हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर यांनी 2000 मध्ये त्यांच्या मेंदूचे एमआरआय तपासले तर हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा दिसला. नंतर तुलना केली बसचालकांशी. तेच शहर, तीच गर्दी, पण मार्ग ठरलेला. त्यांच्यात ही वाढ नव्हती. मुळात मोठा हिप्पोकॅम्पस असलेलेच टॅक्सीवाले होत असतील, ही शंकाही 2011 च्या अभ्यासाने बरीच दूर केली: शिकाऊ उमेदवारांत जे परीक्षा पास झाले त्यांच्यात अभ्यासाच्या काळात वाढ दिसली, नापास झालेल्यांत नाही.

2024 च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतल्या सुमारे 90 लाख मृत्यूंच्या नोंदींचा अभ्यास आला. चारशेहून अधिक व्यवसायांत अल्झायमरने मृत्यूचं प्रमाण सर्वात कमी होतं ते रुग्णवाहिका चालक आणि टॅक्सीचालकांत. ठरलेल्या मार्गाच्या बसचालकांत आणि वैमानिकांत तसं नव्हतं. यावरून 'रस्ते पाठ करा, अल्झायमर टाळा' असा मथळा कुणी देईल, पण अभ्यासकांनी स्वतःच सांगितलं आहे की कारण आणि परिणाम यातून सिद्ध होत नाही. वाट चुकणारी माणसं हा धंदा आधीच सोडत असतील. मी पेशंटना हे सांगतो तेव्हा एवढंच म्हणतो की, तोटा काहीच नाही.

गावात वाढण्याचा फायदा असतो का? 2022 मध्ये एका मोबाइल खेळावरून निरनिराळ्या देशांतल्या लाखो लोकांची वाट शोधण्याची क्षमता तपासली गेली. शहराबाहेर वाढलेले लोक सरासरीने सरस ठरले. काटकोनी, सरळ रस्त्यांच्या शहरात वाढलेले विशेष मागे पडले. मला लगेच धुळ्याच्या नंबरांच्या गल्ल्या आठवल्या. गल्ली नंबर चार, पाच, सहा, सगळं पट्टीने आखल्यासारखं. तिथे वाढलेला माझा वर्गमित्र अजून जळगावच्या पेठांत गाडी घातली की फोन करतो. एका माणसावरून शास्त्र सिद्ध होत नाही, पण तो फोन आला की मला हा अभ्यास आठवतो.

मोबाइलच्या नकाशाबद्दल माझं मत मवाळ आहे. रात्री दोन वाजता अनोळखी गावात रुग्णवाहिका पाठवताना मी त्याचे आभारच मानतो. पण मॉन्ट्रियलमध्ये 50 वाहनचालकांवर झालेला एक अभ्यास 2020 मध्ये आला. आयुष्यात जीपीएस जास्त वापरलेल्यांची स्वतः वाट काढण्याची स्मृती कमी भरली. त्यातल्या 13 जणांना तीन वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा जास्त वापरणाऱ्यांची घसरणही जास्त होती. अभ्यास छोटा आहे. पण निळी रेष पाळत गेलेला माणूस पोहोचल्यावर आलेली वाट सांगू शकत नाही, हे तपासायला एमआरआय लागत नाही. रोजच्या, माहितीच्या रस्त्याला तरी नकाशा बंद ठेवावा. नवीन गावात आधी पाहून घ्यावा, मग फोन खिशात.

आप्पांकडे परत येतो. त्या दिवाळीनंतरच्या आषाढात चुलतभावाचा फोन आला. आप्पा सकाळी शेतात म्हणून गेले, संध्याकाळी धरणगावच्या एसटी स्टँडवर बसलेले सापडले. कुणी ओळखीच्याने पाहिलं म्हणून बरं. "भाऊ, चकवाच तो," चुलतभाऊ म्हणाला, "पावसाचं आभाळ होतं." घरात एकाने भगताकडे न्यायचं ठरवलंही होतं. मी विचारलं, दिवस होता ना? रस्ता पायाखालचा ना? आभाळ भरलेलं असलं तरी गाडरस्त्यावर माणूस गोल फिरत नाही. त्या क्षणी मला दिवाळीतलं ते उलट्या बाजूला गेलेलं बोट आठवलं.

अल्झायमरमध्ये सर्वात आधी झिजू लागणाऱ्या भागांत एंटोरायनल कॉर्टेक्स आणि हिप्पोकॅम्पस आहेत. म्हणून काही जणांत नावं, नाती, हिशेब शाबूत असताना दिशा आधी जाते. आप्पा कापसाचा भाव पैशापर्यंत सांगत होते. त्यामुळे घरच्यांना शंकाच आली नाही, आणि मलाही. भारतात 60 वर्षांवरच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे 7.4 टक्के आहे, म्हणजे 88 लाख माणसं, असा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासाचा अंदाज आहे. आमच्या ओपीडीत मात्र त्यातले फारच थोडे या तक्रारीसाठी येतात. बहुतेक जण माकडहाड मोडल्यावर किंवा खोकल्यासाठी येतात, आणि सोबतचा मुलगा जाता जाता सांगतो, "आणि साहेब, बाबा हल्ली वाट चुकतात. वयच झालं."

वयाने माणूस सावकाश चालतो, नवीन गावात गोंधळतो, यात्रेत चप्पल कुठे काढली ते विसरतो. चाळीस वर्षांच्या पायाखालच्या रस्त्यावर हरवणं मात्र वयाच्या खात्यात टाकायचं नाही. तसंच ते लगेच अल्झायमरच्या खात्यातही टाकायचं नाही. बी-12 ची कमतरता, थायरॉइड मंदावणं, नैराश्य, झोपेच्या किंवा सर्दीच्या काही गोळ्या, पिकलेला मोतीबिंदू, यांनीही माणूस असा भरकटतो आणि यातलं बरंच दुरुस्त होतं. महिन्यापूर्वी मोटारसायकलवरून पडून डोक्याला किरकोळ लागलेलं असतं, सगळे विसरलेले असतात, आणि आत कवटीखाली रक्त हळूहळू साचत असतं. असे पेशंट मी ऑपरेशननंतर ठणठणीत होऊन घरी जाताना पाहिले आहेत. आणि गोंधळ अचानक, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू झाला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम किंवा साखर उतरणं, पक्षाघात, काहीही असू शकतं.

तपासणी अवघड नसते. मी कागद देतो, घड्याळ काढायला सांगतो आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर ठेवायला सांगतो. मग एसटी स्टँडपासून घरापर्यंतचा रस्ता काढायला सांगतो. अक्षरओळख नसलेली माणसंही बोटाने टेबलावर काढून दाखवतात. आप्पांनी घड्याळ बरं काढलं. रस्ता काढताना ते नदीपाशी थांबले आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या. एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस दोन्ही बाजूंनी आक्रसलेला होता. औषध सुरू आहे. या गोळ्या काही काळ मदत करतात, आजार थांबवत नाहीत. बाकीचं सगळं घरच्यांनी केलं. सदऱ्याच्या आतल्या खिशात नाव आणि तीन फोन नंबर लिहिलेलं कार्ड. दाराला बैलाच्या गळ्यातली घंटा, उघडलं की वाजते. गावातल्या दुकानदारांना, रिक्षावाल्यांना आणि एसटीच्या कंट्रोलरला सांगून ठेवलं आहे. लाज वाटली म्हणून हे लपवणारी कुटुंबं मी पाहिली आहेत, आणि त्यांचीच माणसं जास्त वेळ सापडत नाहीत. ज्येष्ठ नागरिकांसाठी 14567 ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. हरवल्याचं लक्षात आल्यावर मात्र आधी 112, संध्याकाळपर्यंत वाट पाहायची नाही. शेतात जाणं आम्ही बंद केलं नाही. सकाळी नातवंडांपैकी कुणीतरी सोबत जातं, त्याच वाटेने, त्याच वेळी. ती वाट जेवढी टिकेल तेवढी टिकू दे.

चिठ्ठीचं उत्तर: 60 आणि 80 या काटकोनातल्या दोन बाजू, म्हणून सरळ वाट 100 पावलांची. बोट नैऋत्येला, किंचित पश्चिमेकडे झुकलेलं.

गेल्या दिवाळीत चिठ्ठी त्याच मुंगीवाल्या पोरीने लिहिली, ती आता चौदा वर्षांची आहे. आप्पा तिच्या हाताला धरून चालले. पावलं ती मोजत होती, पण साठाव्या पावलाला थांबले ते आप्पा, तिच्या आधी. पुढे कुठे वळायचं ते त्यांना सांगता आलं नाही, तिने वळवलं. डबा मिळाला, वही निघाली. आप्पांनी सही केली, तारीख तिने घातली.